पडद्यावर शून्य आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. माझ्या कामाची कुठेतरी नोंद असावी, एवढंच.

काम मोठं आहे. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात वरच्या मजल्यावर, कुलपात, एक म्हातारा युनिक्स कॉम्प्युटर आहे. क्लोरीनच्या खोलीतले सगळे आकडे तोच मोजतो. टाकीचा दाब, पाण्यात पडणारा डोस, गळती. पण त्याला स्वतःचा पडदा नाही. तो आपलं चित्र वायरीतून खाली कंट्रोल रूममधल्या विंडोज पीसीकडे पाठवतो, आणि तिथे ते चित्र काढून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे डिस्प्ले सर्व्हर. थोडक्यात, दुभाष्या.

सध्याचा दुभाष्या फुकटातला, अकरा वर्षं जुना आणि तोतरा. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन काढतो. ऊठसूट बीप करतो. वायर जरा हलली की पडदा कोरा, आणि मग कंट्रोल रूममधून मला फोन.

त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, साऱ्या जगाला खुला आहे. इतक्या लोकांनी पाहिला, नीट करावासा कोणालाच वाटला नाही. मला वाटला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा. नळ गळतोय खरा. पण नळ काय, कोणीही दुरुस्त करेल.

४ मार्च, मंगळवार
साहेबांची परवानगी मिळाली. मी आत गेलो तेव्हा ते फोनवर होते. विषय मांडला. त्यांनी हात वर केला. तो 'थांबा' असाही असू शकतो, पण सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला साहेबांचा हात वाचता येतो.

६ मार्च, गुरुवार. दुपारी
सोर्स कोड उतरवला. कंपाइल केला, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत फिरवला. दोनशे बारा चुका.
जेवणाची सुट्टी न घेता बसलो. आता दोनशे चौदा. पण यातल्या बऱ्याच नव्या आहेत, म्हणजे गाडी पुढे सरकली.

९ मार्च, रविवार. सकाळी ११
झाला! कंपाइल झाला! ज्या तीन फाइली त्रास देत होत्या त्या वगळल्या. नाव ठेवलं 'दर्पण', आवृत्ती १.०. घरच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. अक्षरं दिसतात. 'स्थिती' मधल्या वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात, पण ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्याला सहज वाचता येतो.

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. आमच्याच केंद्रात क्लोरीनच्या खोलीवर ऑपरेटर आहे. नोकरीला मीच चिकटवला. (अर्ज त्याने केला, परीक्षा त्याने दिली. पण फॉर्म कुठे मिळतो ते मी सांगितलं होतं.) त्याला दर्पण दाखवला. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, दाजी, छान आहे, पण हे नीट चाललं नाही तर मला कळणार कसं? मी म्हटलं, नीट चालणार आहे. तो गप्प बसला. पटलं असावं.

जाताना बाथरूमचा नळ दुरुस्त करून गेला. पाच मिनिटं लागली त्याला. मी म्हणालोच होतो, कोणीही करेल.

१० मार्च, सोमवार
कंट्रोल रूममध्ये दर्पण १.० बसवला. पॅनेलवरचे काका, निवृत्तीला चार महिने राहिलेत, त्यांनी एकच विचारलं: ते बीप बंद होईल का? डोक्यात जातं हो.

बंद नाही केलं. सुधारलं. आता बीपऐवजी मंजुळ 'टुंग' वाजतं. 'टुंग'ला स्पीकर लागतात आणि त्या पीसीला ते नाहीत, ही गोष्ट वेगळी. काका खूष. माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले. आवृत्ती १.१.

दुपारी साहेबांनी बोलावलं. क्लोरीनच्या खोलीबाहेरचा, गळती झाली की वाजणारा भोंगा नादुरुस्त झालाय, दुरुस्तीला पाठवायचा, पंधरा दिवस लागतील. तोवर दुसरा भाड्याने आणावा का? मी म्हटलं, साहेब, पडद्यावर सगळं दिसत असताना भोंगा हवा कशाला? साहेब म्हणाले, लिहून द्या. दिलं. सही ठसठशीत आली. बऱ्याच वर्षांत इतकी चांगली आली नव्हती.

भोंगा खाली उतरवताना मेहुणा तिथेच उभा होता. भिंतीवर चार भोकं राहिलीत, तिकडे बघत होता. म्हणाला, दाजी, ही भोकं तरी बुजवा. मी म्हटलं, बांधकाम विभागाला सांग.

११ मार्च, मंगळवार
नव्या खिडक्यांचा उपद्रव. युनिक्सकडून काही सूचना आली की खिडकी टुणकन उडी मारून सगळ्यांच्या पुढे येते. मी टाइप करत असलो तर अक्षरं तिच्यात जातात. असभ्यपणा. आवृत्ती १.२ मध्ये शिस्त लावली: नवी खिडकी मागे उघडेल, आपला नंबर येईपर्यंत उभी राहील. काकांना फरकही कळला नाही. चांगल्या सुधारणेची हीच खूण.

१२ मार्च, बुधवार. सायंकाळी ५.२०
आयुष्यातलं सर्वोत्तम काम आज झालं.

आजवर युनिक्सशी जोडणी तुटली की पडदा कोरा व्हायचा. माणसं घाबरायची, धावपळ व्हायची, फोन यायचे. आवृत्ती १.३ मध्ये जोडणी तुटली तरी शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं. हिरवं ते हिरवंच. नंतर दर्पण आपणहून पुन्हा जोडणी करेल. (हा भाग अजून लिहायचाय. येत्या रविवारी.)

शिवाय चित्राच्या कोपऱ्यातलं युनिक्सचं घड्याळ काढून टाकलं. पीसीचं घड्याळ असताना दोन-दोन घड्याळं कशाला. उगाच वायरीवर भार.

सुरक्षा विभागात नव्या मॅडम आल्यात. वय जेमतेम तीस. पाठीमागे उभ्या राहून त्यांनी विचारलं, वरचा प्रोग्रॅमच बंद पडला, तर हा पडदा काय दाखवेल? नवख्या माणसाचा प्रश्न. मी समजुतीने म्हटलं, मॅडम, तो अकरा वर्षांत बंद पडलेला नाही. त्या म्हणाल्या, मी पडेल का असं विचारलं नाही, पडला तर असं विचारलं. काका मध्येच म्हणाले, चहा घेणार का? विषय तिथेच संपला, ते बरं झालं.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १२
मॅडमच्या समाधानासाठी रीतसर चाचणी घेतली. पीसीची नेटवर्क वायर स्वतःच्या हाताने उपसली. मनात तीसपर्यंत मोजलं. पुन्हा खोचली.

पडदा हललासुद्धा नाही! दाब ठीक, डोस ०.६, गळती ०.०. सगळं हिरवं. काकांनी टाळी दिली.

मॅडमना निरोप पाठवला: चाचणी यशस्वी.

१४ मार्च, शुक्रवार
आकडे कमालीचे स्थिर आहेत. पूर्वी दाब दर पाच मिनिटांनी एखाद्या आकड्याने वरखाली व्हायचा. आता तासन् तास तोच. काका दर तासाला नोंदवहीत आकडे उतरवतात, त्यांचंही काम हलकं झालंय. मघाशी तर न बघताच लिहीत होते.

माझा अंदाज: जुना दुभाष्याच आकड्यांत गोंधळ घालत होता. अकरा वर्षं आपण त्याच्या थरथरत्या हाताने काढलेलं चित्र बघत होतो.

१६ मार्च, रविवार
पुन्हा जोडणीचा भाग लिहायला बसलो होतो. पण सध्या जोडणी तुटतच नाहीये, मग घाई कशाला? त्याऐवजी सादरीकरणाच्या स्लाइड केल्या. शुक्रवारी मुख्य कार्यालयाची मंडळी येतायत. पहिली स्लाइड: दर्पणचा जन्म. दुसरीवर माझा फोटो. कोणता ते ठरत नाही. ही म्हणाली, लग्नातला लावा, त्यात तेवढे केस आहेत.

१७ मार्च, सोमवार
पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरं. साहेबांना म्हटलं, हा दर्पण बाकीच्या सात केंद्रांवर बसवू. ते म्हणाले, आधी इथे महिनाभर चालू द्या. महिनाभर! इथे चार दिवसांत एक आकडा हलला नाही, आणखी काय पुरावा हवा?

१८ मार्च, मंगळवार. दुपारी
मेहुणा कंट्रोल रूममध्ये आला. डोळे चोळत होता. म्हणाला, सकाळपासून खोलीत वास येतोय. टाकीवरचा दाबाचा काटाही थोडा खाली आलाय. मी पडद्याकडे बोट दाखवलं. गळती ०.०. दाब जसाच्या तसा. तो म्हणाला, पण काटा... मी म्हटलं, काटा कधीचा? म्हणाला, बांधकाम झालं तेव्हाचा. मी म्हटलं, झालं तर मग.

काकाही म्हणाले, क्लोरीनवर काम करणाऱ्यांच्या नाकात तो वास बसतो, मलाही घरी यायचा.

मेहुण्याने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. इथे दुसरं काही दिसत नाही का, म्हणाला. मी म्हटलं, जे आहे तेच दिसणार.

परत जाताना मीही दारापर्यंत गेलो. खोलीच्या खिडकीखालच्या वेलीची पानं एका बाजूने पांढरी पडलीत. माळ्याचं अजिबात लक्ष नाही.

१९ मार्च, बुधवार. रात्री ८
घरी कटकट. ही भावाकडे जाऊन आली. त्याचे डोळे लाल झालेत, खोकतोय, पोरं म्हणतात बाबा झोपत नाहीत. ही म्हणाली, तिथे काहीतरी गळतंय. मी म्हटलं, मी रोज आठ तास पडद्यासमोर बसतो, मला कळणार नाही? ही म्हणाली, तो रोज आठ तास खोलीत असतो.

बायकांना यंत्राचं सांगून उपयोग नाही. तरी दाब, डोस, गळती सगळे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. ही म्हणाली, हेच आकडे तुम्ही शुक्रवारीही सांगितले होते.

बरोबर. स्थिरता म्हणतात ती हीच.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ३.४०
काका चहाला गेलेत. त्यांच्या खुर्चीवर बसून उद्यासाठी पडद्याचे फोटो काढतोय. हिरवा रंग फोटोत फारच

सायंकाळी ७.१५. दवाखाना
इंटरकॉम वाजला होता. मेहुणा होता. वास फार येतोय, म्हणाला, आत जाऊन झडप बघायला लागेल. मास्क लावायचा तर स्टोअरची किल्ली आणायला जावं लागेल. दाजी, पडद्यावर किती आहे?

मी सांगितलं, शून्य. शून्य पूर्णांक शून्य. जा बिनधास्त.

तो म्हणाला, बरं.

चहा घेऊन परत येणाऱ्या काकांना तो दिसला. क्लोरीनच्या खोलीबाहेर, पायरीवर, तोंड जमिनीला टेकलेलं. झडप त्याने बंद केली होती. गळती थांबली होती. हात मात्र अजून झडप फिरवल्यासारखा हलत होता, असं काका म्हणाले. त्यांनीच त्याला ओढून मोकळ्या हवेत नेलं. त्या वयात.

तेव्हाही मी पडद्याकडे पाहिलं. ०.०.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी
अजून ऑक्सिजनवर. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसांना सूज आहे, अठ्ठेचाळीस तास बघावं लागेल. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बाकावर बसून आहे. ही तिच्याशेजारी.

मुख्य कार्यालयाची मंडळी आली. स्लाइडसाठी नाही.

कारणं सुचली ती लिहून ठेवतो, पुढे लागतील. वायर जुनी असावी. युनिक्स जुना आहे. गळतीचं यंत्रच बिघडलं असेल. मेहुण्याने नियमाप्रमाणे मास्क लावायला हवा होता. यातलं शेवटचं सर्वात भक्कम आहे. लिहिलं आणि खोडलं.

२१ मार्च. दुपारी ४
मॅडम वरच्या कुलपातल्या खोलीत जाऊन आल्या. युनिक्स आपली नोंद स्वतः ठेवतो, पडदा असो वा नसो. त्यांनी ती छापून आणली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. मी समोर उभा.

गळतीची नोंद मंगळवारी सकाळी नऊपासून आहे. तेव्हापासून दर तासाला वाढत गेलेली.

आणि पडद्याशी जोडणी तुटली ती आदल्या आठवड्यात, गुरुवारी, १३ तारखेला, अकरा बेचाळीसला. पुन्हा जोडलीच गेली नाही.

साहेबांनी विचारलं, म्हणजे सात दिवस आपण काय बघत होतो? मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, फोटो.

साहेब म्हणाले, जुन्या प्रोग्रॅममध्ये काय झालं असतं? मॅडम म्हणाल्या, पडदा कोरा झाला असता. मग कोणीतरी फोन केला असता.

मला तहान लागली होती. साहेबांच्या टेबलावरच्या पाण्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

२२ मार्च, शनिवार
मेहुणा शुद्धीवर आहे. नळी काढली. आवाज जवळजवळ नाही, घशातून नुसती हवा येते. आम्ही तिघं आत गेलो. ही आणि वहिनी खाटेपाशी, मी दारात.

वहिनीने विचारलं, मास्क न लावता आत जायला तुम्हाला कोणी सांगितलं?

त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, जेमतेम श्वासभर. मग म्हणाला, कोणी नाही. मीच गेलो.

मी पुढे व्हायला हवं होतं. तेवढ्यात नर्स आली, गर्दी करू नका म्हणाली, आणि मी पहिला बाहेर पडलो.

२४ मार्च, सोमवार
चौकशी. जबाब लेखी द्यायचा आहे. सकाळी पहिला मसुदा: चार पानं, जोडणीचं तंत्र, चित्र टिकवण्यामागचा हेतू, जगभर अशा सोयी कशा असतात. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं. फाडला.

दुसरा मसुदा दोन पानं. इंटरकॉमचा उल्लेख नाही. तो मी आणि मेहुणा सोडून कोणाला माहीत नाही, आणि मेहुण्याने तर 'कोणी नाही' असं सांगून टाकलंय. हा मसुदा चांगला जमला होता. खिशात घालून गेलो.

बाहेर बाकावर काका बसले होते. त्यांचाही जबाब होता. नोंदवही मांडीवर. न बघता लिहिलेले आकडे, पानांमागून पानं, एकसारखे. मला म्हणाले, मी सांगून टाकणार आहे हो, मी बघत नव्हतो. चार महिने राहिलेत, पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. आणि आत गेले.

माझा नंबर आला तेव्हा मी खिशातला कागद काढलाच नाही. कोरा मागून घेतला. पाच ओळी झाल्या. शेवटची: 'त्याने मला विचारलं, आणि मी त्याला आत जायला सांगितलं.' सही केली. वाचता येत नाही अशी आली.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, उद्यापासून येऊ नका, कळवू. दर्पण काढून जुना प्रोग्रॅम टाकायला मॅडमना चार मिनिटं लागली.

२६ मार्च, बुधवार
हिला सांगितलं. चौकशीत बाहेर पडलंच असतं, पण त्याआधी सांगितलं, एवढं तरी. इंटरकॉमचं, शून्याचं, जा बिनधास्त म्हटल्याचं. सगळं.

ही भावासाठी डबा भरत होती. हात थांबले नाहीत. झाकण लावून झाल्यावर तिने विचारलं, तुमच्या त्या खुर्चीपासून क्लोरीनची खोली किती लांब आहे?

मी म्हटलं, बघून सांगतो.

दुपारी कपाटातलं सामान आणायला केंद्रावर गेलो. फाटकावरच्या माणसाने वहीत नाव लिहून आत सोडलं. आधी कंट्रोल रूम. खुर्चीपाशी उभा राहिलो आणि चालत निघालो. वाटेत एकच दार आहे, ते उघडंच असतं. चौसष्ट पावलं. एक मिनिटही लागत नाही. सामान घ्यायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, बरं. चप्पल घातली, डबा उचलला. मी विचारलं, मी येऊ का दवाखान्यात?

आज नको, म्हणाली.